सहा वाजून पाच मिनिटांचं शवासन

गुरुवार, सकाळी सहा वाजून पाच मिनिटं. पालिकेची गाडी समाजमंदिराखाली येऊन थांबली तेव्हा आम्ही एकोणीस जण वर गच्चीवर मेल्यासारखे पडलो होतो. सहा सव्वीसला गाडी गेली. मधल्या वेळात शेजारच्या मोकळ्या जागेतली पत्र्याची शेड, तिच्यातल्या तीन चुली आणि ज्वारीच्या पिठाचे दोन डबे तिथून नाहीसे झाले. आम्ही होतो तिथेच होतो.

वेळा अचूक आहेत. मी तेवढ्या वेळात तीनदा डोळे उघडून मनगटावरचं घड्याळ पाहिलं होतं. शवासनात डोळे उघडायचे नसतात.

याला आता अठरा वर्षं झाली. मी तेव्हा जिल्ह्याच्या गावातल्या एका दैनिकात शहर वार्ताहर होतो. त्या डिसेंबरात माझा रक्तदाब एकशे सत्तरवर एकशे दहा निघाला. डॉक्टरांनी गोळी दिली, मीठ काढलं आणि पहाटे योगासनांना जा म्हणून सांगितलं. गोळी मी घेतली. बाकीचं ऐकून सोडून दिलं.

"डॉक्टरांचं ऐकायचं नाही, माझं ऐकायचं नाही," महानंदा म्हणाली. "पेपरात छापून आणू का? छापलेलं तरी वाचता का बघू."

दुसऱ्या दिवशी तिने चटई आणली, पांढरी सुरवार-बंडी आणली आणि पाचचा गजर लावून घड्याळ माझ्या कानाशी ठेवलं. बायको असं काही करते तेव्हा तिला उत्तर नको असतं.

ज्ञानदीप सोसायटीच्या समाजमंदिराच्या गच्चीवर वर्ग भरायचा. साडेपाच ते पावणेसात. आधी आसनं, मग शवासन, शेवटी ध्यान. चालवणारे करजगीकर सर. ते शिक्षक कधीच नव्हते. विक्रीकर खात्यातून निवृत्त झाले होते. तीस वर्षं व्यापाऱ्यांचा श्वास कोंडून झाल्यावर आता ते लोकांना श्वास सोडायला शिकवत होते. त्यांच्यापुढे पितळेची एक घंटा असे. ती वाजेपर्यंत कोणी डोळे उघडायचे नाहीत, हा नियम. उघडले की नाही, हे पाहण्यासाठी ते स्वतः सगळा वेळ उघडे ठेवत.

"बिराजदार, लक्ष नाही तुमचं," ते पहिल्या दिवशी गच्चीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. पुढे रोजच म्हणाले.

लक्ष कुठून असणार? मी माणसं पाहत होतो. एक निवृत्त मुख्याध्यापक ओंकार म्हणत नव्हते, ओंकाराची शर्यत लावत होते. शेजाऱ्याचा संपला की त्यावर दोन सेकंद जास्त ओढून मग थांबायचे. एक बाई वज्रासनात बसून नणंदेला शिव्या द्यायच्या, ओठ न हलवता. पालिकेतले हत्तुरे पोट सुटलेले इंजिनिअर होते. ते आसनांना उशिरा यायचे आणि शवासनाला वेळेवर. घंटा वाजून पावणेसात झाले की खाली पायऱ्यांवर अर्धा तास निंदा चालायची. सगळ्यांची तब्येत त्यानेच सुधारत असावी. मन शुद्ध करायला जमलेली एवढी कोती माणसं मी नगरसेवकांच्या बैठकीतही एका जागी पाहिली नव्हती.

शेजारून आवाज यायचा. थप थप थप थप, मग क्षणभर काही नाही, मग पुन्हा थप थप.

"हे काय?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"भाकरीवाली," सर म्हणाले. "आपण डोळे मिटले की हिचं थापणं सुरू. साधकाचं मन मोठ्या कष्टाने भ्रूमध्यापर्यंत येतं आणि ही बाई ते उचलून तव्यावर टाकते."

लोक हसले. सरांच्या विनोदाला हसणं हेही एक आसन होतं.

नीलव्वा तिचं नाव. आमच्या भागात ज्वारीची कडक भाकरी करतात. पापडासारखी पातळ, चुलीभोवती उभी करून वाळवलेली, महिनाभर टिकणारी. गावातली निम्मी दुकानं तिच्याकडून माल न्यायची आणि सोसायटीतलं जवळजवळ प्रत्येक घर. आमच्याही डब्यात तिच्याच भाकरी असायच्या. सकाळी नऊच्या आत दुकानदार यायचे, म्हणून ती आणि तिच्या हाताखालच्या दोन बायका साडेचारला थापायला बसायच्या.

नवव्या दिवशी एक गोष्ट झाली. मी ती कोणाला सांगितली नाही.

ध्यानाला बसलो होतो. श्वास मोजा म्हणाले होते. श्वास मोजताना मला नेहमी मथळे सुचत. त्या दिवशी कंटाळून मी श्वासाऐवजी भाकरी मोजायला लागलो. एका भाकरीला अठ्ठावीस ते तीस थापा. शेवटच्या चार हलक्या, कडेच्या. मग थोडं थांबणं, म्हणजे भाकरी तव्यावर गेली. मग पाण्याचा हात फिरवल्यावर तव्याचा चर्र आवाज. मी सहा भाकरी मोजल्या. सातवीला मोजायचं राहिलं. मग काही राहिलंच नाही. ना मथळा, ना डेडलाइन, ना मी. घंटा वाजली तेव्हा मला ती फार लांबून ऐकू आली.

"आज छान बसलात," सर म्हणाले. "बघा, माझ्या मार्गदर्शनाचा परिणाम व्हायला वेळ लागतो, पण होतो."

पुढचे चार दिवस मी आवाजावरच बसलो. चारही दिवस जमलं.

भोगीच्या दिवशी सरांनी वर्गाला नाश्ता ठेवला. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी, लोणी. भाकरी नीलव्वाच्या, पन्नास. सर स्वतः शेडमध्ये जाऊन सांगून आले होते.

"न खाई भोगी तो सदा रोगी," सर भाकरी मोडत म्हणाले आणि ताटं उचलल्यावर त्यांनी पिशवीतून अर्ज काढला. विषय होता, अनधिकृत शेडमुळे होणारे ध्वनिप्रदूषण. खाली सह्यांच्या जागा आखलेल्या होत्या. मुख्याध्यापकांनी हात धुवायच्या आत सही केली. कागदावर लोण्याचा डाग पडला.

"नुसता अर्ज आला तर फायलीत जातो," हत्तुरे दात कोरत म्हणाले. "पेपरात आलं की साहेब हलतात. मग खालून मी बघतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"चार ओळी हो," सर म्हणाले. "तुमच्या डाव्या हातचा मळ."

मी म्हणू शकलो असतो की, त्या आवाजाशिवाय मला ध्यान लागत नाही. एकोणीस माणसांत ते म्हणायचं म्हणजे हसं करून घेणं. मी म्हणालो, "बघतो. दोन्ही बाजू घ्याव्या लागतील."

"घ्या की," सर म्हणाले. "दुसऱ्या बाजूला आहे काय?"

वर्ग सुटल्यावर दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये गेलो. नीलव्वा पन्नाशीची, काटक. हात कोपरापर्यंत पिठाने पांढरे. तिने थापता थापताच मान वर केली.

"काय बघलालाव साहेब? वरनं आवाजाचं सांगायला धाडलंय?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कशाला सांगाय पायजे? वरचं सगळं ऐकू येतंय खाली. सर रोज म्हणतेत, बिराजदार, लक्ष नाही तुमचं. ते तुमीच नव्हं?"

तिच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो, वही काढली.

"जागा कोणाची?"

"जागा सरकारची. चूल माझी."

"कागद काही?"

"चौदा वर्षं झाली. नवरा वारला त्या साली पत्रे मारले. कागद कोण देतंय? कोण मागायबी आलं नव्हतं. आता ह्यांचे डोळे मिटायला लागले तवा दिसालंय सगळ्यांना." तिने भाकरी उचलून तव्यावर टाकली. "एक सांगा, किती वेळ डोळे मिटून बसताव?"

"शवासन आणि ध्यान धरून... सहा ते पावणेसात."

"मग तेवढा वेळ मी थापत नाही. पीठ मळून ठेवते, वाळलेल्या बांधते. साडेचारच्या जागी चारला बसते. सांगा सरास्नी. भांडण कशाला?"

मी ते लिहून घेतलं. तिने हात पुसून एक कडक भाकरी आणि त्यावर शेंगाची चटणी माझ्या हातात दिली. मीठ बंद होतं तरी मी खाल्ली.

"पाडतील काय ओ?" तिने विचारलं. आवाज तोच होता, पण हात थांबला होता.

"असं एकदम पाडता येत नाही," मी म्हणालो. "आधी नोटीस लागते. सात दिवस देतात. नोटीस आली की मला दाखवा. त्यावर उत्तर करता येतं."

"मला कुठं वाचाय येतंय?"

"म्हणूनच म्हणतो. मला हाक मारा. रोज वरच असतो."

"मारते," ती म्हणाली आणि पुढचा गोळा घेतला.

बातमी मी रविवारी रात्री लिहिली. अकरा ओळी. त्यात खोटं काही नव्हतं. शेड अनधिकृत होती. जागा उद्यानासाठी राखीव होती. नागरिकांची तक्रार होती. पहाटे साडेचारपासून आवाज होत होता. नीलव्वाचं म्हणणं, की ती वर्गाच्या वेळेत काम बंद ठेवायला तयार आहे, शेवटच्या दोन ओळींत होतं.

बातमी जागेत बसत नसली की खालून कापतात. पेपरात पहिला महिना काढलेल्या पोरालाही हे माहीत असतं. सोमवारच्या अंकात पाचव्या पानावर दागिन्यांच्या दुकानाची जाहिरात थोडी वाढली आणि बातमी नऊ ओळींची झाली. कापली जावी म्हणून मी त्या ओळी शेवटी लिहिल्या, असं मी म्हणणार नाही. पण जे छापून यावंसं वाटतं ते मी बावीस वर्षांत कधी शेवटी लिहिलं नव्हतं.

तिचं म्हणणं मी सरांना तोंडी सांगितलं. सोमवारी, बातमी आल्यावर.

"पाऊण तासाची भीक नको," सर म्हणाले. "शांतता हा आपला हक्क आहे. आणि बातमी फार संयमित लिहिलीत हं."

मंगळवार गेला. बुधवार गेला. नोटीस आली नाही, म्हणून मी निर्धास्त होतो. मी तिला सात दिवस सांगितले होते.

गुरुवारी हत्तुरे आसनांनाही वेळेवर आले. मला तेव्हाच कळायला हवं होतं. बातमी नाकाने कळते असं आम्ही नव्या पोरांना सांगायचो. सहाला शवासन सुरू झालं. पायाचे अंगठे सैल सोडा, गुडघे सैल सोडा, सर म्हणत होते. खाली थप थप चालू होतं. गाडीचा आवाज आला, मागचं फळकं पडल्याचा आला. थापणं थांबलं. मग पत्रा किंचाळल्यासारखा वाजला.

"बाहेरचे आवाज बाहेर," सर म्हणाले. "आपण आत."

खाली दोन-तीन पुरुषी आवाज. भांडी. एका बाईचं रडणं. ते नीलव्वाचं नव्हतं. मग तिचा आवाज आला, मोठा, पण स्पष्ट. बाजारात एखाद्याला नाव घेऊन बोलवावं तसा.

"बिराजदारसाहेब."

मी डोळे उघडले. वर अजून काळं आभाळ होतं, जिन्यावरचा दिवा जळत होता. घड्याळात सहा वाजून नऊ मिनिटं झाली होती. शेजारच्या चटईवर हत्तुरे पडले होते, पोट वर-खाली होत होतं, चेहऱ्यावर तान्ह्या मुलाची शांती.

"पेपरवाले साहेब, हाय का वर? ह्यांच्याकडं नोटीस नाही ओ. तुमी म्हणलाव नोटीस लागते. सांगा की ह्यांना येऊन."

सर माझ्याकडेच पाहत होते. ते अगदी मवाळ आवाजात, जणू सगळ्यांनाच, म्हणाले, "कोणीही हलायचं नाही. शव हलत नाही."

कोणी हललं नाही. वज्रासनातल्या बाई, मुख्याध्यापक, ती सगळी भोगी खाल्लेली माणसं. मी कोपरावर उठण्याइतपत हात आवळला होता. मी उठलो असतो तर गाडी थांबली असती. हे मी मागाहून बढाई म्हणून सांगत नाही. वार्ताहर वही घेऊन उभा राहिला की नोटीस नसलेली माणसं थांबतात, हे मी तीन-चारदा पाहिलं होतं. फक्त जिना उतरायचा होता. एकोणीस पायऱ्या असतील किंवा वीस.

"साहेब," ती तिसऱ्यांदा म्हणाली. या वेळी आवाज लहान होता.

मी डोळे मिटले. श्वास मोजला. संथ होता.

सहा सव्वीसला गाडी गेली. ध्यान झालं. घंटा वाजली. तळहात घासून डोळ्यांवर ठेवायला लावून सर म्हणाले, "आज पहिल्यांदा खरी शांतता मिळाली." पायऱ्यांवर निंदा झाली नाही, सगळे लवकर घरी गेले.

नीलव्वा मोकळ्या जागेत दगडावर बसली होती. मांडीवर परात. परातीत मळलेलं पीठ तसंच, वर ओलं फडकं. तिच्या बायका शेड होती तिथल्या चिंध्या गोळा करत होत्या.

"हाक मारली मी," ती म्हणाली.

"ध्यानात होतो," मी म्हणालो. "ऐकू नाही आलं."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. "लागलं म्हणा की लक्ष," ती म्हणाली. "बरं झालं. सर लई बोलत होते तुमाला."

त्यात टोमणा होता की नाही, मला आजही सांगता येत नाही. तिने फडकं उचललं, पिठाला बोट लावून पाहिलं आणि पुन्हा झाकलं.

संध्याकाळी ऑफिसात वृत्तसंपादक मोहोळकर खूश होते. "तुझीच बातमी, तीन दिवसांत कारवाई. चौकट कर. 'आमच्या वृत्ताची दखल'."

"नोटीस दिली नव्हती," मी म्हणालो.

"मग ती वेगळी बातमी झाली. आज एकच जागा आहे. कुठली देतोस?"

मी चौकट दिली. वेगळी बातमी उद्यावर टाकली. आमच्या धंद्यात उद्या नावाचा दिवस नसतो, हे मी त्यांना सांगायची गरज नव्हती आणि त्यांनी मला. शुक्रवारी वर्गात सरांनी चौकट वाचून दाखवली आणि टाळ्या वाजवायला लावल्या.

ध्यान मात्र बिघडलं. सरांना आता कुत्री ऐकू यायला लागली. मग कोणाच्या तरी पाण्याची मोटर, मग मशिदीची बांग, मग देवळातला काकडा. प्रत्येकावर त्यांनी अर्ज केले. मी मार्चपर्यंत गेलो. मोजायला काही नव्हतं. रक्तदाब एकशे तीसवर चौऱ्याऐंशी झाला. डॉक्टर म्हणाले, बघा, योगाने कसा फरक पडतो. महानंदाने चटई धुऊन वाळत घातली.

"भाकरी कुठून आणायच्या आता?" तिने एकदा विचारलं. मी दुकानाचं नाव सांगितलं. पुन्हा तिने विचारलं नाही, पण ती 'वृत्ताची दखल' तिने वाचली होती. पेपर घडी करून माझ्या ताटाजवळ ठेवला होता, पाचवं पान वर.

नीलव्वा विजापूरला भावाकडे गेली, असं एक दुकानदार म्हणाला. दुसरा म्हणाला, बाजार समितीच्या मागे दिसली होती, दुसऱ्याच्या चुलीवर, रोजाने. मी दोन्ही ठिकाणी गेलो. पहिल्यांदा सहा वर्षांनी, मग निवृत्त झाल्यावर. सापडली नाही. मोकळ्या जागेला कुंपण आहे, आत गवत आहे, फाटकावर 'नियोजित ध्यान उद्यान' अशी पाटी आहे. करजगीकर सर गेले. हत्तुरे मुलीकडे पुण्याला असतात.

यंदा जूनमध्ये मी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. एकच प्रश्न होता : त्या गुरुवारच्या कारवाईपूर्वी संबंधित महिलेला नोटीस दिली होती का, दिली असल्यास प्रत मिळावी.

उत्तर एकोणतीस दिवसांनी आलं. नोटीस होती किंवा नव्हती, असं त्यात काही नाही. मागितलेली माहिती त्रयस्थ व्यक्तीशी संबंधित आहे. सदर महिलेशी अर्जदाराचा नेमका काय संबंध आहे, हे पंधरा दिवसांत लेखी कळवावे, म्हणजे अर्जाचा विचार करता येईल.

आज तेरावा दिवस आहे. मी पाचला उठलो. कागद समोर घेतला, तारीख घातली, विषय लिहिला. पुढची ओळ अजून लिहिलेली नाही.